दारातली गाडी आणि भिंतीवरचा कॅमेरा

घरासमोर उभ्या राहणाऱ्या गाडीवर कॅमेऱ्याने नजर ठेवायची असेल, तर दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. गाडी रात्री नेमकी कुठे उभी राहते, तिच्यापर्यंत माणूस कोणत्या वाटेने येऊ शकतो आणि ती घेऊन तो कोणत्या रस्त्याने बाहेर पडू शकतो. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेड्यासारख्या गावात या प्रश्नांची उत्तरे घरागणिक बदलतात. मराठवाड्यातल्या जुन्या गावठाणांत माळवदाच्या घरांना हात-दीड हात जाडीच्या भिंती असतात आणि गल्ल्या इतक्या अरुंद असतात की चारचाकी दारापर्यंत येतच नाही. ती पारापाशी, देवळापुढे किंवा गल्लीच्या तोंडाशी लावावी लागते. नव्या वस्तीत सिमेंटच्या घरापुढे पत्र्याचे शेड असते आणि गाडी त्याखाली असते. शेतवस्तीवर ट्रॅक्टर, ट्रॉली आणि मोटारसायकली अंगणात उघड्यावर असतात. पहिल्या ठिकाणी कॅमेऱ्याला घरापासून लांब पाहायचे असते, दुसऱ्या ठिकाणी जवळचे पाहायचे असते आणि तिसऱ्या ठिकाणी पुष्कळदा विजेचा आणि इंटरनेटचा भरवसा नसतो. एकच संच या तिन्ही ठिकाणी सारखा उपयोगी पडत नाही.

तेरखेड्याच्या बाबतीत महामार्गाचाही विचार करावा लागतो. पंजाबातील संगरूरपासून कर्नाटकातील अंकोल्यापर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ येथून जातो. धुळे ते सोलापूर हा त्याचा टप्पा पूर्वी २११ क्रमांकाने ओळखला जाई. या रस्त्याला लागलेली गाडी थोड्याच वेळात शेजारच्या जिल्ह्यात पोहोचते. शिवाय तेरखेडा फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असल्याने दिवाळीआधी बाहेरगावचे व्यापारी आणि गिऱ्हाईक येतात. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास जवळच्या येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते आणि रस्त्यावर सगळीकडच्या गाड्या दिसतात. एमएच २५ या जिल्ह्याच्या क्रमांकाबरोबर बीडचा २३, लातूरचा २४, सोलापूरचा १३ हे क्रमांक येथे रोजचेच आहेत. आडगावात परकी गाडी थांबली की चारजण विचारतात. महामार्गावरच्या गावात तसे कुणी विचारत नाही. म्हणून ‘कुणीतरी आले होते’ एवढे दाखवणारे चित्र येथे फारसे कामाचे नाही. कोण आले, कोणत्या गाडीतून आले आणि कोणत्या दिशेला गेले, हे त्यात दिसले पाहिजे.

चोरी म्हणजे दरवेळी अख्खी गाडीच जाते असेही नाही. ट्रॅक्टरची किंवा पिकअपची बॅटरी, टाकीतले डिझेल, स्टेपनी, गाडीत राहिलेल्या पिशव्या हेही जाते. दुचाकी बहुधा चालू न करता आधी ढकलत नेली जाते, त्यामुळे घरच्यांना आवाज येत नाही. डिझेल काढणारा माणूस काही मिनिटे एकाच जागी वाकून बसलेला असतो आणि गाडीच्या आडोशाला असतो. कॅमेरा बोनेटच्या बाजूने लावला आणि डिझेलची टाकी पलीकडच्या अंगाला असली, तर तासाभराचे स्पष्ट चित्रीकरण हाती असूनही त्यात काहीच सापडत नाही.

कॅमेऱ्यामुळे चोरी टळते का, या प्रश्नावर बराच अभ्यास झालेला आहे. ब्रँडन वेल्श आणि डेव्हिड फॅरिंग्टन या गुन्हेशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. शहरातील चौक किंवा वसाहती येथे कॅमेऱ्यांचा परिणाम थोडाच आढळला. वाहनतळांवर मात्र गुन्हे सुमारे ५१ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्या वाहनतळांवर बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्यांच्या जोडीला चांगले दिवे, कुंपण किंवा राखणदारही होता, हे या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. घरापुरता त्याचा अर्थ सरळ आहे. अंगणात दिवा नाही, फाटकाला कडी नाही, गाडीला हँडल लॉक लावलेले नाही आणि भिंतीवर मात्र चार कॅमेरे आहेत, अशा घरात पैसा चुकीच्या जागी गेलेला असतो. आधी दिवा आणि फाटक करावे, मग कॅमेरा घ्यावा.

कॅमेरा निवडताना बहुतेक जण मेगापिक्सेल विचारतात. ते विचारावेतच, पण त्याआधी कॅमेऱ्याकडून कोणते काम हवे ते ठरले पाहिजे. सुरक्षा कॅमेऱ्यांच्या ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकात या कामांच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पिक्सेल म्हणजे चित्र ज्यांचे बनते ते ठिपके. ज्या अंतरावर माणूस उभा आहे, तेथे एक मीटर रुंदीच्या जागेला किती पिक्सेल मिळतात, यावर त्या पायऱ्या अवलंबून आहेत. मीटरला २५ पिक्सेल मिळाले तर कुणी आहे एवढे कळते. ६२ च्या आसपास मिळाले तर कपडे, अंगकाठी, हालचाल दिसते. १२५ मिळाले तर ओळखीचा माणूस ओळखता येतो, आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० लागतात. चोर बहुधा अनोळखी असतो, त्यामुळे गाडीच्या राखणीसाठी निदान एका तरी जागी २५० चा आकडा गाठला पाहिजे.

बाजारात सर्रास मिळणारा घरगुती कॅमेरा २ मेगापिक्सेलचा असतो आणि त्याला २.८ मिमीची लेन्स असते. त्याच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते. ही लेन्स साधारण १०७ अंश रुंदीचे दृश्य घेते. दहा मीटर अंतरावर ते दृश्य सुमारे २७ मीटर रुंद पसरते, म्हणजे मीटरला केवळ ७१ पिक्सेल येतात. पाच मीटरवर हा आकडा १४० च्या घरात जातो. अंगणाचा सगळा देखावा टीव्हीवर छान दिसतो, मालक समाधानी होतो आणि चोरी झाल्यावर चेहऱ्याच्या जागी एक पांढुरका डाग दिसतो. त्याच २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला ६ मिमीची लेन्स असेल, तर दहा मीटरवर दृश्य साधारण पावणेदहा मीटर रुंद राहते आणि मीटरला १९० हून जास्त पिक्सेल मिळतात. ४ मेगापिक्सेल आणि ६ मिमी ही जोडी घेतली तर त्याच अंतरावर २५० चा टप्पा ओलांडता येतो. आकडा लहान असलेली लेन्स रुंद पाहते, मोठा आकडा असलेली लेन्स दूरचे जवळ आणते. दुकानदाराला मेगापिक्सेलच्या बरोबर लेन्स किती मिमीची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो प्रश्न न विचारल्याने जितके कॅमेरे वाया जातात, तितके दुसऱ्या कशाने जात नसावेत.

नंबरप्लेटलाही हाच हिशेब लागतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची आहे. मोटारीची लांबट पाटी ५०० मिमी रुंद आणि १२० मिमी उंच असते आणि तिच्यावरची अक्षरे ६५ मिमी उंचीची असतात. मीटरला २५० पिक्सेल मिळाले तर एका अक्षराच्या उंचीला सोळा पिक्सेल येतात आणि ते वाचता येते. ७१ पिक्सेल मिळाले तर साडेचारच येतात, आणि त्यातून ३ की ८, ० की ६ हे कोणत्याही सॉफ्टवेअरने नंतर खात्रीने काढता येत नाही. चित्रपटात अंधूक चित्र मोठे करत नेले की ते स्पष्ट होते, तसे प्रत्यक्षात घडत नाही. जी माहिती टिपलीच गेली नाही ती मागाहून आणता येत नाही.

या हिशेबातून कॅमेरे कुठे लावावेत तेही ठरते. एकाच कॅमेऱ्याकडून सगळे काम करून घेण्यापेक्षा दोघांत वाटून द्यावे. एक रुंद लेन्सचा कॅमेरा गाडी आणि तिच्या भोवतीची जागा दाखवील. दुसरा अरुंद लेन्सचा कॅमेरा केवळ फाटकावर किंवा गल्लीच्या तोंडावर रोखलेला असेल, जिथून आत येणाऱ्याला जावेच लागते. चेहरा आणि पाटी तेथेच मिळते. जुन्या गल्लीत, जिथे पाच-सहा घरांच्या गाड्या एकाच ठिकाणी लागतात, तिथे प्रत्येकाने आपापल्या भिंतीवर स्वस्त कॅमेरा लावण्यापेक्षा सगळ्यांनी वर्गणी काढून गल्लीच्या तोंडाशी एक चांगला कॅमेरा आणि एक चांगला दिवा लावणे कितीतरी शहाणपणाचे आहे.

उंचीबाबत एक चूक वारंवार होते. कॅमेरा कुणाच्या हाती लागू नये म्हणून तो गच्चीच्या कठड्याला लावतात. तीन मीटर म्हणजे दहा फुटांवरचा कॅमेरा पाच मीटर लांबच्या चेहऱ्याकडे पंधरा-सोळा अंशांनी खाली पाहतो आणि चेहरा नीट दिसतो. तोच सहा मीटरवर नेला तर कोन चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि टोपी, रुमाल किंवा हेल्मेटचा माथा तेवढा दिसतो. म्हणून चेहऱ्यासाठीचा कॅमेरा आठ ते दहा फुटांवर ठेवावा, आणि त्याला कुणी हात लावील अशी भीती असेल तर दुसऱ्या कॅमेऱ्याच्या नजरेत ठेवावा. गाडीवर झाकण टाकण्याची सवय असेल तर झाकणाखालची पाटी आणि टाकी दिसणार नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

दिवसा जवळजवळ प्रत्येक कॅमेरा चांगला दिसतो. त्याची खरी परीक्षा रात्री होते. साध्या कॅमेऱ्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे दिवे असतात. बहुतेकांची तरंगलांबी ८५० नॅनोमीटर असते आणि अंधारात ते मंद लाल चमकताना दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे अजिबात दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी पडतो. खोक्यावर ‘३० मीटर नाइट व्हिजन’ लिहिलेले असते त्याचा अर्थ तिथवर प्रकाश पोहोचतो, तिथला चेहरा ओळखू येतो असा नव्हे. या प्रकाशात चित्र काळे-पांढरे येते, त्यामुळे लाल शर्ट की निळा, पांढरी गाडी की चंदेरी, हे सांगता येत नाही. दुसरी अडचण नंबरप्लेटची. नव्या पाटीवरचा पापुद्रा प्रकाश आला त्याच दिशेने परत फेकतो. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या दिव्याचा झोत त्याच्याकडेच परत येतो आणि पाटी पांढरी फक्क होते, अक्षरे पुसली जातात. यावर उपाय म्हणजे कॅमेरा पाटीच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवणे, त्याचे दिवे मंद करणे आणि अंगणात वेगळा एलईडी दिवा लावणे. अंधारात पुरेसा उजेड मिळावा म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी शटर जास्त वेळ उघडे ठेवतो, तेव्हा चालता माणूस ओघळल्यासारखा दिसतो. जाती गाडी टिपायची असेल तर शटर सेकंदाच्या २५० व्या भागापेक्षा वेगवान हवे, आणि त्यासाठीही उजेड हवाच. पांढऱ्या उजेडाचे दिवे असलेले, रात्रीही रंगीत चित्र घेणारे कॅमेरे आता सहज मिळतात. ज्या घरापुढे रात्रभर दहा-वीस वॅटचा एलईडी चालवता येतो, त्यांना हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

ऊन, धूळ आणि किडे यांचा मराठवाड्यात वेगळा विचार करावा लागतो. पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या कॅमेऱ्यावर सकाळ-संध्याकाळ सूर्य थेट येतो आणि चित्र पांढरे पडते. शक्य तिथे दिशा टाळावी; नसेल तर ऊन-सावलीचा फरक सांभाळणारी, डब्ल्यूडीआर नावाची सोय असलेला कॅमेरा घ्यावा. पत्र्याच्या अगदी खाली चिकटवलेला कॅमेरा एप्रिल-मेच्या दुपारी भट्टीत ठेवल्यासारखा तापतो, म्हणून तो भिंतीवर, हवा लागेल असा असावा. आयपी ६६ किंवा आयपी ६७ हा शिक्का धूळ आणि पाणी आत जात नाही याची खूण आहे. मात्र खरे पाणी शिरते ते वायरीच्या जोडातून, म्हणून जोड भिंतीला लावलेल्या बंद डब्यात घ्यावा आणि वायर डब्यात शिरण्याआधी खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे पावसाचे पाणी झोलातूनच ठिबकून जाते. अवरक्त दिव्याच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. लेन्सपुढचे एक जाळे रात्री दिव्यासारखे चमकते आणि मागचे सगळे झाकते. दर पंधरा दिवसांनी मऊ फडक्याने पुसणे हाच त्यावरचा इलाज आहे. जवळ पांढरी भिंत किंवा पत्र्याची कड चौकटीत येत असेल, तरी तिच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाने चित्र खराब होते.

यंत्रणा कोणती घ्यावी हे जागा पाहून ठरते. चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि जाड वायरीचे कॅमेरे ही जुनी, स्वस्त आणि टिकाऊ पद्धत आहे. तालुक्याच्या ठिकाणी तिची दुरुस्ती करणारा माणूस सहज सापडतो, आणि ही गोष्ट खरेदी करताना फार मोलाची असते. डीव्हीआरऐवजी एनव्हीआर आणि नेटवर्क केबल वापरण्याच्या पद्धतीत एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जाते. केबल शंभर मीटरपर्यंतच चालते, पण चित्र जास्त सफाईचे मिळते. वायफायवरचा कॅमेरा लावायला सोपा, मात्र माळवदाची जाड भिंत मध्ये आली की त्याचा सिग्नल मरतो. शिवाय त्यालाही विजेची वायर लागतेच, हे विकत घेतल्यावर कळते. शेतवस्तीसाठी सिमकार्ड आणि सौर पट्टीवर चालणारे कॅमेरे निघाले आहेत. ते बहुधा सतत चित्रीकरण करत नाहीत. हालचाल जाणवली की जागे होतात, आणि जागे होईपर्यंतचा क्षण निसटू शकतो. सौर पट्टी दक्षिणेकडे, साधारण अठरा ते वीस अंश कलती ठेवावी आणि खळ्याच्या दिवसांत तिच्यावरची धूळ वरचेवर पुसावी.

लाइट गेल्यावर बंद पडणारा कॅमेरा चोराच्या सोयीचा असतो. चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर मिळून साधारण ३५ वॅट वीज खातात. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि तिच्यावर एवढाच भार असेल, तर घट-तूट धरूनही ती एक अख्खा दिवस पुरते. त्यामुळे कॅमेऱ्यांची जोडणी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावी, आणि इंटरनेटचा राउटरही त्याच लाइनवर. राउटर विसरला तर चित्रीकरण चालू राहते, पण मोबाइलवर इशारा येत नाही. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात. गच्चीवरून लांबवर नेलेली वायर वीज कोसळल्यावर निर्माण होणारा दाब थेट डीव्हीआरपर्यंत आणते. घराचे अर्थिंग तपासून घेणे, दाब अडवणारे उपकरण बसवणे आणि वायर पाइपमधून नेणे हे खर्चाचे असले, तरी एका पावसाळ्यात सगळा संच जळण्यापेक्षा स्वस्तच पडते. पाइपमुळे उंदीरही वायरीपासून दूर राहतात.

तेरखेड्यात फटाक्यांच्या कारखान्याच्या आवारात गाड्या उभ्या राहतात, त्यांचा नियम वेगळा आहे. स्फोटके नियम, २००८ नुसार फटाके बनवणे आणि साठवणे परवान्याशिवाय करता येत नाही, आणि त्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. जिथे दारू मिसळली जाते, भरली जाते किंवा माल साठवला जातो, तिथे घरगुती कॅमेरा, त्याचा अडॅप्टर किंवा उघडा जोड नेऊ नये. अशा जागी ठिणगी न उडणारी, त्या कामासाठी मान्यता मिळालेली विद्युत उपकरणेच लागतात. कॅमेरे बाहेर, गाड्यांच्या आवारापुरते आणि सुरक्षित अंतरावर असावेत. माल भरलेली गाडी रात्री वस्तीत आणून कॅमेऱ्यासमोर लावणे हा तर राखणीचा मार्गच नव्हे. त्यातला धोका कॅमेऱ्याने तिळभरही कमी होत नाही.

चित्रीकरण किती दिवस टिकवायचे हे हार्डडिस्क घेण्याआधी ठरवावे. एच.२६५ या पद्धतीने दाबलेले २ मेगापिक्सेलचे चित्रण सेकंदाला साधारण २ मेगाबिट जागा घेते, म्हणजे दिवसाला सुमारे २१.६ जीबी. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला ८६ जीबी झाले, म्हणजे १ टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि २ टीबीची सुमारे तेवीस दिवसांत. भरली की जुने आपोआप पुसले जाते. लग्नाला किंवा ऊसतोडीला कुटुंब बाहेर गेले आणि चोरी दोन आठवड्यांनी लक्षात आली, तर १ टीबीत ती रात्र शिल्लक नसते. डीव्हीआर बैठकीत टीव्हीखाली ठेवू नये. घरात शिरलेला माणूस तोच उचलून नेतो. तो आतल्या खोलीत, हवा खेळती असलेल्या पण नजरेत न येणाऱ्या जागी ठेवावा. त्याचे घड्याळ बरोबर चालते ना, हे महिन्याला एकदा मोबाइलशी ताडून पाहावे. घड्याळ वीस मिनिटे मागे असेल तर महामार्गावरच्या टोलनाक्याच्या किंवा पेट्रोलपंपाच्या चित्रणाशी त्याचा मेळ बसत नाही आणि तपास भलत्याच गाडीमागे जातो.

मोबाइलवर इशारा देणारी सोय चांगली, पण ती नीट लावावी लागते. अंगणातल्या कडुलिंबाची फांदी हलली, कुत्रे गेले, रस्त्यावरच्या गाडीचा झोत पडला की प्रत्येक वेळी मोबाइल वाजत राहिला, तर आठवड्यात घरचे लोक आवाज बंद करून टाकतात. माणूस आणि वाहन वेगळे ओळखणारा कॅमेरा घ्यावा, गाडीभोवतीचा तेवढाच भाग रेखून द्यावा आणि रात्री अकरा ते पहाटे पाच एवढाच वेळ इशारा चालू ठेवावा.

कॅमेरा स्वतः सुरक्षित आहे का, हेही पाहावे लागते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. बहुतेक ठिकाणी कारण एकच होते, कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. बसवणाऱ्या माणसाने घातलेला पासवर्ड त्याच्यासमोरच बदलावा, ॲपमधून त्याचे खाते काढून टाकावे आणि उपकरणाचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे. भारतात विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी लागते, आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्यांच्या सायबर सुरक्षेच्या चाचण्याही सक्तीच्या झाल्या आहेत. खोक्यावरचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून तपासता येतो. बिलाशिवाय, नावागावाशिवाय मिळणारा कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

शेजाऱ्यांचा विचार गावात शहरापेक्षा जास्त करावा लागतो, कारण अंगण, ओटा, नळ, न्हाणी सगळे एकमेकांना लागून असते. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. घरगुती वापरासाठीच्या चित्रणाला २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातून सूट आहे, पण म्हणून शेजारच्या दारावर, खिडकीवर किंवा न्हाणीवर कॅमेरा रोखण्याची मुभा मिळत नाही. स्त्रीचे खासगी क्षण टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात चित्राचा ठरावीक भाग काळा करण्याची सोय असते. शेजारच्या घराचा भाग त्यांना दाखवूनच काळा करावा. संवाद टिपणारा माइक बंद ठेवावा. ज्या शेजाऱ्याला आधी विचारले, तोच रात्री गाडीपाशी कुणी दिसले तर हाक मारतो.

बसवणारा माणूस जाण्याआधी काम तपासून घ्यावे, आणि ते अंधार पडल्यावर. घरातल्या एकाने फाटकातून चालत यावे, गाडीच्या दाराशी, मग टाकीपाशी वाकावे. दुसऱ्याने मोटारसायकल गल्लीतून नेहमीच्या वेगाने न्यावी. मग चालू चित्र न पाहता साठवलेले चित्रण काढून पाहावे, कारण साठवताना दर्जा खाली आणलेला असू शकतो. चेहरा ओळखू येतो का, पाटी वाचता येते का, हे त्यातच कळते. तीच वेळ चित्रण पेनड्राइव्हवर कसे उतरवायचे ते शिकून घेण्याची. चोरी झाल्यावर बसवणाऱ्याचा फोन लागत नाही म्हणून दोन दिवस जातात, आणि तपासातले सर्वांत मोलाचे तास तेच असतात.

चोरी झाली तर पहिला फोन ११२ वर करावा. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली नोंदला जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते. चित्रण पोलिसांना देण्याआधी डीव्हीआरमधले जुने पुसले जाणे थांबवावे किंवा डिस्क काढून ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ शोधासाठी उपयोगी पडतो. न्यायालयात मात्र नुसत्या प्रतीला पुरावा म्हणून वजन मिळायला प्रमाणपत्र लागते.

हा नियम ज्या निकालाने पक्का झाला तो मराठवाड्यातलाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरून उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर दिले गेल्याचे त्यांचे म्हणणे होते. ते चित्रण प्रमाणपत्राशिवाय पुरावा म्हणून घ्यावे का, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. मूळ उपकरण न्यायालयात हजर केले जात नसेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चे प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असे न्यायालयाने ठरवले. आता त्या कलमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक चित्रण देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारा हॅश क्रमांक त्यात लिहावा लागतो. म्हणून डीव्हीआर कुणाच्या नावे घेतला, कुठे बसवला, चित्रण कुणी आणि केव्हा उतरवले, या साध्या नोंदी आणि बिल जपून ठेवावे.

विम्याच्या बाजूने पाहिले तर केवळ तृतीय पक्षाचा विमा चोरीची भरपाई देत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा हवा. कंपनी प्रथम खबरीची प्रत, नोंदणी पुस्तिका, गाडीच्या दोन्ही चाव्या आणि तपास लागला नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. महाराष्ट्रात त्याला ‘अ समरी’ म्हणतात. चोरीच्या रात्रीचे चित्रण असेल तर गाडी कुलूप लावून उभी होती, निष्काळजीपणा नव्हता, हे दाखवायला ते उपयोगी पडते. विमा कंपनीला लगेच कळवावे. तरीही उशीर झालाच, तर गुरशिंदरसिंग खटल्यातला जानेवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शेतकऱ्यांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. तेथे चोरीला गेला होता ट्रॅक्टर. पोलिसांत खबर त्याच दिवशी दिली होती, विमा कंपनीला मात्र दीड महिन्याहून अधिक उशिरा कळवले होते. खबर तातडीने दिलेली असेल आणि दावा खरा असेल, तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून भरपाई नाकारता येत नाही, असे न्यायालयाने त्यात सांगितले.